आइस प्लांट: एका कुंडीतून अख्खा वाफा भरायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जांभळट गुलाबी फुलांचं, जाड रसाळ पानांचं, जमिनीलगत पसरणारं एक आइस प्लांट कुंडीत आहे आणि त्याच्यापासूनच उतारावरचा मोठा वाफा भरायचा आहे. तुम्ही काड्या लावल्या, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली, रोज पाण्याचा फवारा मारला. अर्ध्याहून जास्त काड्या बुडाशी काळ्या पडून कुजल्या. जगल्या त्या लांबुडक्या झाल्या, फूल एकालाही नाही. पानं मातीवर ठेवून पाहिली, त्यांना बारीक मुळ्या आल्या पण रोप काही झालं नाही. बोंडं फोडून बिया पेरल्या, त्याही उगवल्या नाहीत. आणि आता मूळ झाडाचीच पानं सुरकुतली आहेत, पाणी वाढवलं तरी ती भरत नाहीत.

काड्या कशा लावल्या हे तुम्ही बारकाईनं लिहिलं आहे. कधी लावल्या, हे मात्र कुठेच नाही. मी समोर असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. आइस प्लांटची काडी जगवणं अवघड नाही. झाड वाढीला लागलेलं असताना घेतलेली काडी जवळजवळ कशातही मुळ्या धरते. तीच काडी झाड विश्रांतीत असताना घेतली तर उत्तम माती आणि कितीही निगा असून ती आठवडाभरात मऊ पडते. तुमच्या बाबतीत पिशवी आणि फवारा यांनी नुकसान केलंच, पण त्याआधी वेळ चुकली असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

वेळ ठरवायची तर आधी तुमच्याकडे नेमकं कोणतं झाड आहे ते ओळखावं लागेल, कारण ‘आइस प्लांट’ या एका नावाखाली बरीच वेगवेगळी झाडं विकली जातात. ती सगळी ऐझोएसी या कुळातली, आणि बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून आलेली. पण तिकडे पावसाचे दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिम केपच्या बाजूला पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. पूर्वेकडे आणि लेसोथो या शेजारच्या देशाच्या डोंगराळ भागात पाऊस उन्हाळ्यात येतो आणि हिवाळा थंड, कोरडा असतो. मूळ मुलखात ज्या ऋतूत पाऊस, त्या ऋतूत झाड वाढतं. पिढ्यान्‌पिढ्या कुंडीत वाढलेलं झाडही ही सवय पूर्ण सोडत नाही.

जांभळट गुलाबी फुलांची आणि जमिनीलगत पसरणारी म्हणजे तुमच्यासमोर मुख्यतः दोन शक्यता. पहिली डेलोस्पर्मा कूपेरी. याची पानं गोलसर, किंचित चपटी, बोटांनी चोळली तर खरखरीत लागतात. उन्हात त्यांच्यावर बारीक चकाकणारे दाणे दिसतात. उंची १० ते १५ सेंमीच्या वर जात नाही, फांद्या जमिनीवर लोळतात आणि पेरांवर, म्हणजे पानं फुटतात त्या सांध्यांवर, आपोआप मुळ्या सोडतात. फुलं एकदम न येता उबदार महिन्यांत सतत थोडीथोडी येत राहतात. हे पूर्वेकडचं झाड, म्हणजे उबदार दिवसांत वाढणारं आणि थंडीत स्वस्थ बसणारं. माती कोरडी असेल तर ते उणे २० अंशांच्या आसपासची थंडीही काढतं.

दुसरी शक्यता लॅम्प्रॅन्थस. याची पानं गुळगुळीत, तीन धारांची, राखाडी झाक असलेली हिरवी. फांद्या लवकर लाकडी होतात, जरा उभ्या राहतात आणि मग वजनानं झुकतात. वसंतात अशी फुलतात की काही आठवडे पान दिसत नाही, नंतर जवळपास काहीच नाही. हे प्रामुख्यानं हिवाळी पावसाच्या प्रदेशातलं. थंड, सौम्य दिवसांत वाढतं आणि कडक उन्हाळ्यात थांबतं. डेलोस्पर्मासारखी थंडी मात्र याला सोसत नाही. शून्याखाली थोडे अंश, त्यापुढे फांद्या मरतात.

आणखी दोन-तीन भाऊबंद आहेत, ते चटकन सांगून टाकतो. पानं चपटी, हृदयाच्या आकाराची आणि फुलं नखाएवढी लाल-गुलाबी असतील तर ते बेबी सन रोज; त्याला जास्त पाणी आणि थोडी सावलीही चालते, आणि काडी लावताना काही विचार करावा लागत नाही. पानं रुंद, मऊ, ओली वाटावीत इतकी चमकणारी आणि फुलं एकाच रोपावर भरगच्च, मधोमध वेगळ्या रंगाचं वर्तुळ असलेली असतील तर ते डोरोथिअँथस, म्हणजे हंगामी. ते फुलून, बी धरून मरणारच. त्याच्या काड्या लावण्यात अर्थ नाही, दरवर्षी बी पेरायचं. पानं बोटाएवढी जाड, तिधारी आणि फुलं तळहाताएवढी असतील तर ते कार्पोब्रोटस. कॅलिफोर्नियाच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर माती धरून ठेवायला म्हणून ते लावलं गेलं आणि स्थानिक वनस्पतींना झाकून टाकत पसरलं. मोकळ्या किनाऱ्याजवळ किंवा माळरानाला लागून तुमची जागा असेल तर ते लावू नका.

हो, आणि पुष्कळ जण ऑफिसटाइमच्या फुलालाच आइस प्लांट समजतात. साध्या, एकेरी ऑफिसटाइमच्या फुलाला मोजक्या रुंद पाकळ्या असतात. आइस प्लांटच्या फुलात धाग्यासारख्या अरुंद, तकतकीत पाकळ्या कित्येक असतात. त्या खरं तर पाकळ्या नसून रूप बदललेले पुंकेसर आहेत. काळजी दोघांची सारखी दिसली तरी ऑफिसटाइम जेवढं पाणी पचवतं तेवढं हे पचवत नाही.

तुम्ही फोटो न देता लिहिलेल्या वर्णनावरून, म्हणजे ‘खरखरीत पानं, लोळणाऱ्या फांद्या, बरेच महिने फुलं’ यावरून, मी डेलोस्पर्मा धरून पुढे लिहितो. लॅम्प्रॅन्थस निघालं तर ऋतू उलटा समजा, बाकी रीत तीच.

आता काड्या का कुजल्या ते बघू. या कुळातली बरीचशी झाडं दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्री साठवून ठेवायचा आणि दिवसा उन्हाच्या साहाय्यानं वापरायचा, म्हणजे दुपारच्या उन्हात पाणी उडून जात नाही. पानात पाण्याचा साठा आधीच असतो. गुलाब किंवा जास्वंदीची काडी मुळ्या येईपर्यंत सुकून मरू नये म्हणून आपण ती झाकतो, हवा दमट ठेवतो. आइस प्लांटच्या काडीला सुकण्याचा धोका फारसा नसतोच. ती स्वतःच्या पानांतल्या पाण्यावर आठवडे काढते. तिला धोका आहे तो कापलेल्या तोंडातून आत शिरणाऱ्या बुरशीचा. पिशवीतल्या दमट, कोंदट हवेत ते तोंड वाळतच नाही. त्यात रोजचा फवारा. म्हणजे गुलाबाच्या काडीला जी निगा वाचवते तीच इथे मारते.

माझी पद्धत अशी. झाडाच्या कडेला, नव्या वाढीचे शेंडे निघालेले दिसले की काड्या घ्यायच्या. डेलोस्पर्मासाठी हे म्हणजे थंडी ओसरून रात्री सौम्य झाल्यावर. दिवसाचं तापमान १८ ते २५ अंशांच्या दरम्यान असेल तो काळ सर्वांत चांगला. त्यानंतर कडक उन्हाळ्यात काड्या लागतात, पण दिवस तापलेले, रात्रीही गरम आणि माती ओली असं त्रिकूट जमलं की बुडं कुजतात. दीर्घ पावसाच्या तोंडावर तर मी काड्या घेतच नाही. ज्याला लवकर वाफा भरायचा आहे त्याला हे थांबणं नकोसं वाटतं, हे मला माहीत आहे. पण चुकीच्या महिन्यात लावलेल्या पन्नास काड्यांपेक्षा योग्य महिन्यातल्या दहा काड्या जास्त जागा झाकतात.

काडी निवडताना फूल किंवा कळी नसलेला शेंडा घ्या. सगळ्यांवर कळ्या असतील तर कळ्या खुडून टाका, कारण काडी आपला साठा मुळ्यांऐवजी फुलाला देते. लांबी ५ ते ८ सेंमी पुरे. फांदी हिरवी पण कडक हवी. अगदी कोवळी, पाणीदार फांदी कुजते आणि तपकिरी, लाकडी झालेली फार हळू मुळ्या धरते. पेराच्या थोडं खाली धारदार पातं चालवा. कात्री बोथट असेल तर फांदी चेंगरते आणि चेंगरलेला भागच पहिल्यांदा सडतो. पातं आधी स्पिरिटनं पुसून घ्या.

कापण्यापूर्वी पानांच्या बेचक्यात नीट बघा. पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तो काडीबरोबर नव्या वाफ्यात गेला तर पुढची दोन वर्षं तुम्ही त्याच्याच मागे राहाल. थोडे असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टिपून घ्या. फांदी भरलेली असेल तर ती वापरूच नका. मुंग्यांची रांग लागलेली असेल तर समजा की पिठ्या ढेकूण किंवा मावा कुठेतरी आहेच.

खालच्या दोन-तीन सेंमीवरची पानं काढा. ओरबाडू नका, बाजूला वाकवून हळूच तोडा, नाहीतर फांदीची साल सोलली जाते. मग काड्या सावलीत, हवेशीर जागी, कागदावर एक-दोन दिवस पसरून ठेवा. कापलेलं तोंड कोरडं होऊन त्यावर खपलीसारखा थर धरला पाहिजे. हवा दमट असेल तर तीन दिवस लागले तरी काही बिघडत नाही, काडी जराशी मलूल दिसली तरी घाबरू नका. मुळ्या फुटण्याची पावडर मी वापरत नाही. या झाडाला तिची गरज पडत नाही.

काड्यांसाठी माती म्हणजे जवळपास वाळूच. भरड, धुतलेली, दोन-तीन मिलिमीटर दाण्याची वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) तीन भाग आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग. बारीक चाळलेली वाळू नको. ती दबून सिमेंटसारखी बसते आणि पाणी धरून ठेवते. समुद्राची वाळूही टाळा, ती बारीक असते आणि तिच्यात मीठ असतं. हे मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा होऊ नये इतपतच ओलसर करा. काडी दोन सेंमी आत खोचा, निदान एक पेर मातीत गेलं पाहिजे, कारण मुळ्या प्रामुख्यानं तिथूनच येतात. उथळ ट्रे चालेल, एका ट्रेमध्ये दाटीनं लावल्या तरी चालतं. पहिले दोन-तीन दिवस पाणी द्यायचं नाही. मग वरचा थर कोरडा झाल्यावर हलकं पाणी, आणि पुन्हा कोरडा होऊ द्यायचा. वरून झाकण अजिबात नको.

जागा उजेडाची हवी, पण दुपारचं थेट ऊन नको. दोन ते तीन आठवड्यांत मुळ्या येतात. काडी हलकेच ओढून बघायची. धरून राहिली तर मुळ्या आल्या. त्याहून भरवशाची खूण म्हणजे शेंड्याला नवी, तकतकीत पानांची जोडी दिसणं. ती दिसली की आठवडाभरात हळूहळू पूर्ण उन्हात सरकवा. इथे उशीर केला तर पुढचं सगळं बिघडतं. तुमच्या जगलेल्या काड्या लांबुडक्या झाल्या त्या यामुळेच: मुळ्या आल्यावरही त्या सावलीत राहिल्या.

पाण्याच्या ग्लासात काडी ठेवून मुळ्या आणणं जमतं का, असंही तुम्ही विचारलं आहे. कधीकधी येतात मुळ्या. पण त्या नाजूक असतात, मातीत गेल्यावर बऱ्याचदा मरतात, आणि काडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यात फायदा काहीच नाही.

पानांचं कोडं सोपं आहे. एचेव्हेरिया किंवा सेडम या रसाळ झाडांच्या पानापासून रोप होतं, कारण त्या पानाच्या देठाशी नवा कोंब तयार होऊ शकतो. आइस प्लांटच्या सुट्या पानाला मुळ्या येतात, पण कोंब येत नाही. ते पान कित्येक आठवडे हिरवं राहतं, आशा लावतं आणि शेवटी सुकतं. काडीला निदान एक पेर असलंच पाहिजे, बाकी पानांवर वेळ घालवू नका.

खरं सांगायचं तर तुमच्या झाडासाठी काड्यांपेक्षाही सोपा रस्ता आहे. डेलोस्पर्माच्या लोळणाऱ्या फांद्या जमिनीला टेकतात तिथे मुळ्या सोडतातच. तुमची कुंडी उचलून थेट वाफ्यात ठेवा किंवा शेजारी वाळूचे उथळ ट्रे ठेवा. कडेच्या फांद्या त्यावर पसरा, पेरांवर चिमूटभर भरड वाळू टाका आणि फांदी हलू नये म्हणून वर छोटा खडा ठेवा. वरचे शेंडे उघडे राहू द्या. फांदी आईला जोडलेली असल्यामुळे कुजण्याची भीती फार कमी. महिनाभरानं पेरं धरली की आईकडच्या बाजूनं कापा, आठवडाभर तिथेच राहू द्या, मग उचला. संख्या कमी मिळते पण वाया जवळपास काहीच जात नाही. लॅम्प्रॅन्थसला ही युक्ती इतकी लागू पडत नाही, त्याच्या फांद्या आपणहून मुळ्या सोडायला फारशा उत्सुक नसतात. तिथे काड्याच बऱ्या.

बियांबद्दल दोन गोष्टी. पहिली, बोंडं कोरडी असताना घट्ट मिटलेली असतात आणि पाणी लागलं की उघडतात. पावसाचे थेंब उघड्या बोंडात पडले की बिया उडून आसपास पडतात, आणि तेव्हा उगवायला ओलही असते. त्यामुळे बोंड फोडायचं नसतं. ते बशीत पाण्यात टाका, काही मिनिटांत चांदणीसारखं उघडेल आणि बिया पाण्यात येतील. बिया धुळीसारख्या बारीक असतात; कागदावर ओतून वाळवा. पेरताना मातीत पुरू नका, त्यांना उजेड लागतो. ओल्या, बारीक वाळूमिश्रित मातीवर नुसत्या भुरभुरवा, पाणी खालून द्या, आणि साधारण २० अंशांच्या आसपास ठेवा. ताज्या बिया पुष्कळदा उगवत नाहीत. काही महिने कोरड्या ठेवल्यानंतर त्या चांगल्या येतात. पेरल्यापासून एक ते चार आठवडे वाट पाहा.

दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाची आहे. या कुळातल्या बऱ्याच जाती स्वतःच्याच परागानं बी धरत नाहीत. तुमच्याकडे झाड एकच. त्याच्या काड्यांपासून झालेली रोपंही आनुवंशिकदृष्ट्या तेच झाड. त्यामुळे बोंडं आली तरी ती पोकळ असण्याची शक्यता मोठी. शेजारी दुसऱ्या रंगाचं रोप असेल आणि मधमाश्या येत असतील तर बी मिळेल, पण मग फुलाचा रंग कोणता येईल ते सांगता येत नाही. नाव असलेले संकरित प्रकार तर बियांपासून तसेच्या तसे येतच नाहीत. एकसारख्या रंगाचा वाफा हवा असेल तर बियांचा विचार सोडा. रंगीबेरंगी चालणार असेल तर बियांइतकी मौज कशात नाही, पण त्याला वेळ लागतो.

इथवरचं थोडक्यात: आता झाड वाढत असेल तर फांद्या जमिनीवर दाबून रोपं करा, शिवाय कडेचे शेंडे काडीसाठी घ्या, वाळवून, भरड वाळूत, न झाकता. झाड विश्रांतीत असेल तर काहीच कापू नका आणि पाणी कमी करा.

मूळ झाडाच्या सुरकुतलेल्या पानांकडे मात्र लगेच लक्ष द्यायला हवं, कारण ते गेलं तर बाकी सगळ्या गप्पाच. सुरकुतलेलं पान म्हणजे तहान, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. मुळ्या कुजल्या असतील तर भोवती पाणी असूनही झाड ते घेऊ शकत नाही, आणि पान तहानल्यासारखंच सुरकुततं. फरक ओळखायला साधी परीक्षा आहे. माती कोरडी असताना एकदा भरपूर पाणी द्या आणि थांबा. दोन-तीन दिवसांत पानं भरली तर तहान होती. नाही भरली, किंवा खालची पानं पिवळट, आरपार दिसणारी आणि बोट लावताच फुटणारी झाली, तर मुळं गेली आहेत. तुम्ही पाणी वाढवूनही पानं भरत नाहीत असं म्हणता, म्हणजे परीक्षा झालीच आहे आणि निकाल दुसरा आहे.

झाड कुंडीतून काढा. माती झटका. चांगली मुळं पांढरी किंवा फिक्या तपकिरी रंगाची आणि ताणली तर टिकणारी असतात. कुजलेल्यांची साल हातात येते आणि आत दोरा उरतो. मुळांवर पांढरे पुंजके दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण, त्याचीही लक्षणं हीच. कुजलेलं सगळं कापा, दोन दिवस सावलीत वाळवा, नव्या कोरड्या मातीत लावा आणि चार-पाच दिवस पाणी देऊ नका. त्याच वेळी वरचे निरोगी शेंडे काड्यांसाठी घेऊन ठेवा. ऋतू चुकीचा असला तरी इथे पर्याय नाही. बुडाचं झाड वाचेलच असं नाही, म्हणून काही शेंडे तरी हाताशी असावेत. आत गाभा तपकिरी दिसणारी काडी टाकून द्या, हिरवा-पांढरा गाभा दिसेपर्यंत वर वर कापत जा.

कुंडीच्या तळाला तुम्ही खड्यांचा थर घातला आहे, ‘निचऱ्यासाठी’. त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही. माती आधी तुडुंब भिजते आणि मगच पाणी खाली जातं. म्हणजे ओला थर वर सरकतो, मुळांच्या जवळ येतो. खडे मातीत मिसळा, खाली साठवू नका. मोठ्या रोपासाठी माझं मिश्रण साधं आहे: भरड वाळू, विटांचा चुरा किंवा प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी खडा) दोन भाग, बागेची माती एक भाग, चांगलं कुजलेलं कंपोस्ट एक भाग. चिकणमाती असेल तर मातीचं प्रमाण आणखी कमी.

फुलं न येण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा ऊन हेच असतं. दिवसात निदान सहा तास थेट ऊन हवं. ‘भरपूर उजेड’ म्हणजे ऊन नव्हे. खिडकीतल्या काचेआडचा उजेड माणसाला लख्ख वाटतो, या झाडाला अपुरा पडतो. फांदीवरची पेरं एकमेकांपासून लांब पडली आणि फांदी उजेडाकडे झुकली की ऊन कमी आहे असं समजा. फुलंसुद्धा उन्हातच उघडतात; ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी मिटतात. सकाळी लवकर आणि रात्रीच झाड पाहणाऱ्यांना ‘कळ्या उघडतच नाहीत’ असं वाटतं, ते त्यामुळे.

दुसरं कारण खत. तुम्ही दर पंधरा दिवसांनी द्रवरूप खत देता असं लिहिलं आहे. ते थांबवा. नायट्रोजन जास्त झाला की पानं फुगतात, फांद्या मऊ होतात, फूल मागे पडतं आणि अशी फांदी कुजायलाही सोपी. वाढीच्या सुरुवातीला एकदा, नायट्रोजन कमी असलेलं खत, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं. जमिनीत लावलेल्यांना मी तेही देत नाही.

वाफ्याबद्दल. तुमची जागा उताराची आहे ही चांगली गोष्ट आहे. सपाट, पाणी साचणाऱ्या जागेत हे झाड टिकवणं त्रासाचं असतं, उतारावर निचरा फुकट मिळतो. तरीही वरच्या १५ सेंमी मातीत भरड वाळू किंवा बारीक खडी मिसळा. रोपं ३० ते ४५ सेंमी अंतरावर लावा. आडव्या रांगांत नको, एकाआड एक तिरकी, म्हणजे वाहतं पाणी सरळ चर पाडत नाही. डेलोस्पर्माचं एक रोप ४५ ते ६० सेंमीपर्यंत पसरतं, पण ते पहिल्याच हंगामात होईल असं धरू नका. जागा मोठी आणि रोपं थोडी असतील तर सगळीकडे विरळ लावण्यापेक्षा वरच्या टोकाला दाट लावा आणि तिथून फांद्या खाली सरकवत न्या. मधल्या उघड्या जागेतलं तण ही खरी डोकेदुखी. आइस प्लांट ठेंगणं आहे, तण त्याच्या डोक्यावरून जातं, आणि फांद्या ठिसूळ असल्यानं उपटताना रोपही हातात येतं. म्हणून लावण्याआधीच तण मुळासकट काढा आणि रोपांच्या बुडाभोवती बोटभर जाड बारीक खडीचा थर द्या. पालापाचोळ्याचं आच्छादन मात्र नको. ते ओल धरून खोड कुजवतं.

लावल्यावर पहिले काही आठवडे, मुळं खोल जाईपर्यंत, माती सुकली की पाणी. एकदा धरली की पानं किंचित सैल पडेपर्यंत वाट पाहिली तरी चालतं. विश्रांतीच्या ऋतूत जमिनीतल्या रोपांना मी मुद्दाम पाणी देत नाही. लांब पाऊस असलेल्या हवामानात तुम्हाला पाणी बंद करता येणार नाही. तिथे निचरा हाच एक उपाय, आणि काही रोपं कुंडीत आडोशाला राखीव ठेवणं हा शहाणपणा.

फुलण्याचा बहर संपला की वरवर छाटणी करा, म्हणजे वाळलेली फुलं, बोंडं आणि फांद्यांचा एक तृतीयांश भाग. लॅम्प्रॅन्थस असेल तर पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापू नका, तिथून तो पुन्हा फुटत नाही. तीन-चार वर्षांनी मध्यभाग उघडा, काटकुळा दिसायला लागतो. तो वाचवत बसण्यापेक्षा कडेची रोपं उचलून मध्ये लावावीत.

आता तुमच्या त्या जगलेल्या लांबुडक्या काड्या. टाकू नका. वाढीच्या ऋतूत असाल तर त्यांचे शेंडे कापा, खाली तीन-चार पेरं ठेवा. कापलेले शेंडे वाळवून पुन्हा लावा, बुडाच्या भागाला बाजूनं दोन-तीन फांद्या फुटतील आणि त्या आखूड पेरांच्या असतील, अर्थात आता ऊन मिळालं तर. एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नका, सावलीत वाढलेली पानं भाजतात. आधी सकाळचं ऊन, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं जास्त. पहिल्या कळ्या खुडाव्यात म्हणजे रोप पसरतं, असं काही जण सांगतात. वाळूत नुकत्या लावलेल्या काडीवरची कळी मीही खुडतो, पण मुळ्या धरून वाढीला लागलेल्या रोपाची खुडत नाही. कळी आली म्हणजे ऊन पुरतंय हे समजतं, आणि वेगवेगळ्या रंगांची रोपं आणायचा विचार असेल तर फूल उघडं असतानाच प्रत्येकाला खूणपट्टी लावून ठेवता येते. फुलं गेल्यावर पानांवरून रंग ओळखता येत नाही.